पहिला चीक वासराचा

गाय व्याल्याची वार्ता मराठी घरात झाकलेल्या तांब्यातून येते. गवळी किंवा शेजारीण दारात उभी राहते, तांब्यावरची वाटी दूर होते आणि आत दाट, पिवळसर, बोटाला चिकटणारा चीक दिसतो. मग गूळ किसला जातो, वेलदोडे कुटले जातात, डबा वाफेवर चढतो आणि थोड्याच वेळात खरवसाच्या थरथरणाऱ्या वड्या ताटात पडतात. होळकरांच्या मागोमाग मालव्यात आलेल्या मराठी कुटुंबांनी बोलीत पुष्कळ बदल स्वीकारले. पोहे-जिलबीही आपलीशी केली. परंतु खरवसाची ओढ त्यांनी सोडली नाही. इंदूरच्या पश्चिम भागात, बडा गणपतीच्या आसपासच्या जुन्या वस्तीत, एखाद्या घरी चीक आला की त्याचा वास शेजारच्या चार घरांना आमंत्रण देऊन येतो.

या आनंदात विरजण घालण्याचा माझा हेतू नाही. तथापि ज्याच्यासाठी हा चीक निर्माण झाला त्या वासराची बाजू कोणीतरी मांडली पाहिजे. त्याला बोलता येत नाही आणि त्याच्या वतीने बोलण्यास अवधीही फार थोडा असतो. तो अवधी किती थोडा, हे आपण पुढे पाहूच.

प्रथम एक साधा प्रश्न. नुसते दूध तापविले तर ते उतू जाते, आटते, त्यावर साय धरते. परंतु वाफेवर ठेवून त्याची वडी कधी होत नाही. चिकाची मात्र होते. ना विरजण, ना लिंबू, ना चीनगवत. केवळ उष्णता लागताच तो थिजतो. असे का व्हावे? साध्या दुधात प्रथिनांचे प्रमाण शेकडा तीन ते साडेतीन असते. व्यायल्यानंतरच्या पहिल्या चिकात ते शेकडा चौदाच्या आसपास जाते. शिवाय ही वाढीव प्रथिने निराळ्या जातीची असतात. अंड्यातील पांढरा बलक उष्णतेने जसा घट्ट होतो, तशीच ती घट्ट होतात. त्यांतील मोठा वाटा ज्या द्रव्याचा असतो त्याला शास्त्रज्ञ ‘प्रतिपिंडे’ म्हणतात. रोगजंतूंना ओळखून त्यांना निकामी करणारी ही शरीराची शिबंदी होय. म्हणजे ज्या द्रव्याने आपली वडी धरते, त्याच द्रव्याने वासराचे संरक्षण होते. वडी जितकी घट्ट, तितका तो चीक वासराला अधिक मोलाचा.

आता कोणी म्हणेल, वासरू आईच्या पोटातून येताना ही शिबंदी बरोबर का आणीत नाही? मनुष्याचे मूल ती आणते. गर्भावस्थेच्या अखेरच्या महिन्यांत मातेच्या रक्तातील प्रतिपिंडे वारेतून बाळाच्या रक्तात उतरतात, आणि बाळ जन्मते तेव्हा आईने आयुष्यभर सोसलेल्या रोगांची आठवण त्याच्या अंगी असते. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या वारेची रचना वेगळी आहे. तेथे आईचे रक्त आणि गर्भाचे रक्त यांच्यामध्ये पेशींचे अधिक थर असतात. अन्नरस त्यांतून पार होतो, परंतु प्रतिपिंडांसारखा मोठा कण पार होत नाही. यामुळे वासरू जन्मते ते जवळजवळ निःशस्त्र. निसर्गाने ही उणीव दुसऱ्या वाटेने भरून काढली आहे. व्यायच्या आधीच्या काही आठवड्यांत गाईची कास तिच्या रक्तातून प्रतिपिंडे वेचून घेते आणि चिकात साठवून ठेवते. संस्कृतात ‘पीयूष’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत: एक अमृत आणि दुसरा नुकत्याच व्यालेल्या गाईचे दूध. ज्यांनी या दोन वस्तूंना एकच नाव दिले, त्यांना प्रतिपिंडे ठाऊक नव्हती. पण त्यांचे निरीक्षण खरे होते.

हे केवळ अनुमान नाही. आईच्या दुधातून रोगप्रतिकारक शक्ती पिलांत उतरते, हे पाउल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने १८९२ साली उंदरांवरील प्रयोगांनी दाखवून दिले. पुढे १९२२ साली अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ व राल्फ लिट्ल या दोघांनी प्रत्यक्ष वासरांवर प्रयोग केला. काही वासरांना चीक पाजला; काहींना चीक न देता नुसते दूध दिले. चीक प्यालेली वासरे जगली. चीक न मिळालेल्यांपैकी बहुतेक वासरे थोड्याच दिवसांत दगावली, आणि त्यांच्या अवयवांत आढळलेले जंतू कोणते? एरवी प्रत्येक गुराच्या आतड्यात निरुपद्रवीपणे नांदणारे! चिकाच्या अभावी घरचाच पाहुणा चोर ठरला होता. या प्रयोगाला शंभर वर्षे होऊन गेली. त्याचा निष्कर्ष अद्याप कोणी खोडून काढलेला नाही.

आता त्या अवधीविषयी. नुकत्याच जन्मलेल्या वासराच्या आतड्याला एक विलक्षण सवलत असते. एरवी कोणतेही प्रथिन आतड्यात गेले की पाचकरसांनी त्याचे तुकडे होतात आणि मगच ते रक्तात जाते. नवजात वासराच्या आतड्यातील पेशी मात्र प्रतिपिंडे अखंडच गिळतात आणि जशीच्या तशी रक्तात सोडतात. त्या वेळी जठरातील आम्लही अजून जोमाने सुरू झालेले नसते, आणि चिकातच असे एक द्रव्य असते की जे पाचकरसाला आवर घालून प्रतिपिंडांचा बचाव करते. ही व्यवस्था इतकी नेटकी आहे. परंतु ती तात्पुरती आहे. आतड्याचे हे दार जन्माच्या क्षणापासूनच हळूहळू मिटू लागते. पहिल्या दोन तासांत ते पुरते उघडे असते. सहा तासांनंतर त्याची ग्रहणशक्ती झपाट्याने घटते. चोवीस तासांनंतर ते बंद होते. त्यानंतर वासराला बादलीभर चीक पाजला तरी त्याचे पोषण होईल, आतड्याच्या आतल्या बाजूला थोडा आडोसाही मिळेल. परंतु रक्तात शिबंदी चढणार नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. हे दार चांगल्या-वाइटाची निवड करीत नाही. चीक उशिरा मिळाला आणि तोवर वासराने शेणाने माखलेली कास, गोठ्याची भिंत किंवा ओले जोते चाटले, तर जंतूही त्याच वाटेने आत जातात. तेव्हा आत आधी कोण शिरते, चीक की घाण, यावर त्या जिवाचे पुढचे बरेचसे आयुष्य ठरते.

मग चीक किती पाजावा? सर्वसाधारण प्रमाण असे सांगतात की, वासराच्या वजनाच्या एक दशांश इतका चीक पहिल्या काही तासांत पोटात जावा. तीस किलोच्या संकरित वासराला तीन लिटर. वीस किलोच्या गावठी वासराला दोन लिटर. त्यातला शक्य तितका मोठा भाग पहिल्या दोन तासांत आणि उरलेला सहा ते आठ तासांच्या आत. वासरू उभे राहून स्वतः पीत असेल तर उत्तमच. पण ते नुसते सडाशी हुंदडते आहे की खरोखर घोट घेते आहे, हे पाहिले पाहिजे. अशक्त वासराला चीक काढून, अंगाच्या उबेइतका कोमट असताना, बाटलीने किंवा बोट चोखवीत भांड्याने पाजावा. मान वर ओढून नळकांड्याने घशात ओतू नये. तो श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसाला सूज येते आणि औषधाच्या उपचारानेही ती पुष्कळदा आटोक्यात येत नाही. पाजण्यापूर्वी कास कोमट पाण्याने धुवावी आणि वासराची बेंबी टिंक्चर आयोडिनात बुडवावी, कारण बेंबी हे जंतूंचे दुसरे उघडे दार आहे.

सगळा चीक सारख्याच गुणाचा नसतो. पहिल्या दोहनाचा सर्वांत कसदार. दुसऱ्या दोहनात प्रतिपिंडे बरीच कमी होतात, आणि तीन-चार दिवसांत चिकाचे दूध बनते. कस मोजण्याचे साधन आपल्या महाराष्ट्रातील ऊस-बागायतदारांना चांगले परिचयाचे आहे. उसाच्या रसातील ब्रिक्स पाहण्यासाठी जी डोळ्याला लावावयाची नळी ते वापरतात, तीच नळी चिकालाही चालते. तीवर आकडा बावीस किंवा त्याहून अधिक आला तर चीक उत्तम समजावा. ज्या गाईने भरपूर चीक दिला तिचा उरलेला चीक स्वच्छ बाटलीत भरून बर्फपेटीत गोठवून ठेवता येतो. एखादी गाय व्याल्याबरोबर दगावली किंवा तिची कास सुजली तर त्या पोरक्या वासराला तो उपयोगी पडतो. मात्र तो वितळविताना गरम पाण्यात बाटली ठेवावी, पातेले चुलीवर ठेवू नये. साठ अंशांच्या पुढे उष्णता गेली की वासराचे औषध नाहीसे होऊन आपला खरवस तेवढा उरतो.

चिकाची सिद्धता गाय व्यायच्या दिवशी नव्हे, दोन महिने आधी करावी लागते. व्यायच्या आधी सुमारे साठ दिवस गाय आटवावी, म्हणजे कासेला विसावा मिळतो. शेवटपर्यंत दोहत राहिलेल्या गाईचा चीक पातळ निघतो. गाभण गाय विकत आणावयाची असेल तर अगदी दिवस भरल्यावर आणू नये; महिना-दीड महिना आधी आणावी. नव्या गोठ्यातील जंतूंची तिच्या शरीराला ओळख झाली, तरच त्यांच्यावरचा उतारा तिच्या चिकात उतरेल.

या सगळ्यात अवघड असे काय आहे? काही नाही. न पैसा लागतो, न यंत्र. तरीही असंख्य गोठ्यांत चीक वेळेवर मिळत नाही, आणि याला कारण आहेत आपल्या काही समजुती. सर्वांत प्रबळ समजूत अशी की, वार पडेपर्यंत वासराला कासेला लावू नये. लावले तर वार अडकते. वार पडण्यास आठ-दहा तास सहज लागतात. म्हणजे आतड्याचे दार बव्हंशी मिटेपर्यंत वासरू दावणीला हंबरत राहते. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. वासरू लुचू लागले की गाईच्या मेंदूतून जो रस रक्तात येतो, त्याने पान्हा फुटतो आणि गर्भाशयही आकुंचन पावते. म्हणजे वासराचे लुचणे हे वार पडण्यास साह्यच करते.

काही महिन्यांपूर्वी या विषयावर बडा गणपतीच्या चौकाजवळ दूध घालणाऱ्या एका वयोवृद्ध गवळीकाकांशी माझे बोलणे झाले. स्वच्छतेच्या मोहिमेत इंदूर शहरातील गोठे बाहेर हलविले गेले. त्यांचाही गोठा आता शहराबाहेर आहे. ते म्हणाले, “मास्तर, वासराने पोटभर चीक प्याला की त्याला हगवण लागते. आमच्या बापजाद्यांनी थोडा थोडाच पाजला.” मी म्हटले, “काका, चीक सारक असतो हे खरेच. पोटात नऊ महिने साठलेला काळा चिकट मळ त्याने बाहेर पडतो. ती हगवण नव्हे, सफाई आहे. पाण्यासारखी, दुर्गंधी येणारी हगवण लागते ती चीक न मिळालेल्या वासराला.” काका क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “बरे, तेही मानले. पण गिऱ्हाइकांचे काय करू? गाय व्याली असे कळले की दहा घरे तांब्या पुढे करतात. पहिल्या दिवसाचाच पाहिजे म्हणतात. नाही म्हटले तर दुसऱ्या दिवसापासून दूध दुसऱ्याकडून घेतात. वासरू तर काही मला सोडून जात नाही!”

श्रोतेहो, या उत्तरावर मला काही बोलता आले नाही. गोठ्यातील अज्ञान दूर करण्यास पशुवैद्य पुरेसा आहे. परंतु माजघरातील हट्ट कोण दूर करणार? पूर्वी गोठा वाड्यातच असे. चीक पाजलेले वासरू आणि चीक खाणारे घर एकमेकांना पाहत असत. सांप्रत दूध पिशवीतून येते, वासरू कोठे आहे, आहे की नाही, हे आपल्याला कळत नाही. बडा गणपतीची ती प्रचंड, सुमारे पंचवीस फुटी मूर्ती १९०१ साली उभी राहिली. तिला तूप आणि शेंदूर यांचा चोळा चढतो. भाविक आपल्या घासातले काढून ते तूप आणतात. पण दुधातुपाचा कोणताही घास, देवाचा असो वा माणसाचा, मुळात वासराच्या वाट्यातून निघालेला असतो, हे विसरून कसे चालेल?

यात खरवसावर बहिष्कार घालण्याचे काही कारण नाही. पहिल्या दिवसाचा चीक इतका घट्ट असतो की गृहिणी त्यात दुप्पट-तिप्पट दूध मिसळतेच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचा चीक घेतला तर दूध कमी घालावे किंवा घालूच नये. वडी मऊ, पण चांगली होते. चांगल्या गाईचा त्या दिवसांतील चीक वासराला पुरून उरतो, आणि तापविताच तो फाटत असल्यामुळे दूधसंघही तो घेत नाहीत. तेव्हा वाटणी अशी असावी: पहिला दिवस वासराचा, नंतरचे उरलेले घराचे. तोट्याचा हिशेब मांडावयाचा झाला तर तोही मांडू. तीन लिटर चीक वाचविण्यासाठी जी कालवड दगावते, ती तीन-चार वर्षांनी दुभती होणार असते. आणि गोऱ्हा किंवा रेडकू नर असले म्हणून त्याला अर्धपोटी ठेवण्याचा जो प्रघात पडला आहे, त्याविषयी एवढेच म्हणतो की, जीव जन्माला घालून मग त्याला भुकेने संपविणे हा कोणत्याही धर्माच्या हिशेबात व्यवहार ठरत नाही.

येथवर चिकाची कथा झाली. परंतु चीक ही उसनवारी आहे. आईने दिलेली प्रतिपिंडे वासराच्या रक्तात झिजत जातात; सुमारे तीन आठवड्यांत ती निम्मी होतात, पुढच्या तीन आठवड्यांत त्यांची निम्मी. इकडे वासराचे शरीर स्वतःची प्रतिपिंडे हळूहळू तयार करू लागते, पण ती भरीला येण्यास वेळ लागतो. उसने संपत आले आणि स्वतःची कमाई अजून हाती आली नाही, असा एक कठीण काळ प्रत्येक वासराच्या आयुष्यात येतो. त्या काळासाठी लस.

मग लस जन्मतःच का टोचीत नाहीत? कारण चिकातून आलेली प्रतिपिंडे लसीतील जंतूंनाही शत्रू समजून निकामी करतात, आणि वासराच्या स्वतःच्या शरीराला धडा घेण्याची संधीच मिळत नाही. म्हणून बहुतेक लसी तीन-चार महिन्यांनंतर देतात आणि काहींची दुसरी मात्रा महिन्याने देऊन तो धडा पक्का करून घेतात.

लस या गोष्टीशी गोवंशाचे नाते फार जुने आहे. १७९६ साली एडवर्ड जेन्नर याने गाईच्या देवींची लस एका मुलाला टोचून माणसाच्या देवी रोगाला आळा घातला. गाईला लॅटिन भाषेत ‘वाका’ म्हणतात. त्यावरूनच ‘व्हॅक्सिन’ हा शब्द आला. हिंदुस्थानात ही लस पहिल्याने टोचली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ या दिवशी, अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. पुढे अनेक वर्षे ही लस वासरांच्या कातडीवर वाढवून तयार करीत. आपल्या आजोबा-पणजोबांच्या दंडावर देवीचे जे वण होते, त्यांत कोठल्यातरी वासराचा वाटा होता. १९८० साली जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले, त्या यशाचे काही श्रेय त्या मुक्या जनावरांचेही आहे.

त्या ऋणाची फेड माणसाने एकदा तरी उत्तम रीतीने केली. बुळकांडीचे नाव आजच्या तरुण शेतकऱ्याला ठाऊक नसेल. पण तिने गावेच्या गावे गुरांवाचून ओसाड केली होती. या रोगांच्या अभ्यासासाठी १८८९ साली पुण्यात एक सरकारी प्रयोगशाळा निघाली. जंतू लोकवस्तीपासून दूर असावेत म्हणून १८९३ साली ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वर येथे हलविली. आजच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेचे मूळ ते हेच. तेथे १९२०च्या दशकात एडवर्ड्‌स या शास्त्रज्ञाने बुळकांडीचा विषाणू बोकडांच्या शरीरातून पुनःपुन्हा नेऊन सौम्य केला आणि त्याची लस बनविली. स्वातंत्र्यानंतर, १९५४ साली, देशव्यापी मोहीम सुरू झाली. २००६ साली भारत बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ साली सारे जग. माणसाने पृथ्वीवरून समूळ नाहीसे केलेले रोग आजवर दोनच: माणसाच्या देवी आणि गुरांची बुळकांडी.

परंतु एक शत्रू गेला की दुसरा येतो. गाठींचा चर्मरोग, ज्याला सर्वजण लम्पी म्हणतात, तो भारतात प्रथम २०१९ साली ओरिसात आढळला आणि २०२२ साली गुजरात-राजस्थानात त्याने हाहाकार उडविला. महाराष्ट्रात आणि आपल्या मालव्यातही तो पोहोचला. त्या संकटात हाताशी लस होती ती शेळ्यांच्या देवींची. दोन्ही विषाणू एकाच कुळातले असल्यामुळे तीच गाईंना टोचली गेली. गाईच्या देवींनी माणूस वाचला होता. शेळीच्या देवींनी गाय वाचू लागली. जेन्नरची युक्ती सव्वादोनशे वर्षांनी पुन्हा कामास आली.

वासरांच्या लसींचे वेळापत्रक थोडक्यात सांगतो. लाळ-खुरकुताची पहिली लस चौथ्या महिन्यात, दुसरी मात्रा त्यानंतर एक महिन्याने आणि मग दर सहा महिन्यांनी. घटसर्प, ज्याला इकडे गलघोटू म्हणतात, आणि फऱ्या, यांच्या लसी सहाव्या महिन्यानंतर, दरवर्षी पावसाळ्यापूर्वी. सांसर्गिक गर्भपाताची लस केवळ कालवडी व पारड्या यांना, चार ते आठ महिन्यांच्या वयात, जन्मात एकदाच. हा रोग कच्च्या दुधातून व गर्भपाताच्या स्रावातून माणसालाही होतो, म्हणून या लसीचा लाभ गोठ्याबरोबर घरालाही आहे. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ-खुरकुताची आणि सांसर्गिक गर्भपाताची लस सरकारी खर्चाने टोचण्याची योजना आहे. जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला लावून त्याची नोंद ठेवतात. गाठींच्या चर्मरोगाची किंवा अन्य लस आपल्या भागात केव्हा द्यावी, हे पशुवैद्याला विचारावे. इंदूरकरांना दूर जावयास नको. महूचे पशुवैद्यक महाविद्यालय १९५५ सालापासून आपल्या शेजारी आहे.

लसीविषयी गोठ्यात दोन तक्रारी ऐकू येतात: टोचल्याने दूध घटते आणि टोचलेल्या जागी गाठ येते. दोन्ही खऱ्या आहेत आणि दोन्ही थोड्या दिवसांच्या आहेत. लाळ-खुरकुताने कास आणि खूर यांची जी दुर्दशा होते, तिच्यापुढे दोन दिवसांची ही घट काहीच नाही. मात्र लस बर्फाच्या पेटीत, दोन ते आठ अंश उष्णतेत, सांभाळलेली असावी. उन्हात राहिलेली लस म्हणजे नुसते पाणी. आजारी वासराला ती टोचू नये. पोटात जंतांचा सुळसुळाट असलेल्या वासरावरही तिचा परिणाम कमी होतो. म्हणून पंधरवडाभर आधी जंताचे औषध द्यावे. रेडकांच्या बाबतीत तर हे फार महत्त्वाचे. म्हशीच्या दुधातूनच मोठे जंत रेडकाच्या पोटात उतरतात, यास्तव त्यांना पहिले जंताचे औषध दहाव्या ते पंधराव्या दिवशी, पशुवैद्याच्या सल्ल्याने, दिलेच पाहिजे.

इंदूरचे नाव एकेकाळी साऱ्या जगाच्या शेतीशास्त्रात गाजले ते शेणकचऱ्याच्या खतामुळे. आल्बर्ट हॉवर्ड यांनी येथे सिद्ध केलेली ‘इंदूर पद्धत’ आजही त्या नावाने ओळखली जाते. ज्या शहराने गाईच्या शेणाचे मोल जगाला शिकविले, त्याने तिच्या चिकाचे मोल ओळखावे, ही अपेक्षा फार मोठी नाही. काम तिघांचे आहे. गोपालकाने वार पडण्याची वाट न पाहता दोन तासांच्या आत वासराला कासेला लावावे आणि लसीची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवावी. आपण शिक्षकांनी खेड्यांतून येणाऱ्या मुलांना हे एवढे शास्त्र सांगावे. घरी गाय व्याली की रात्री कंदील धरून उभी राहतात ती मुलेच. आणि शहरातील गृहिणींनी व गृहस्थांनी, गवळी दारात आला असता, तांब्या पुढे करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: “काका, वासराचे झाले का?”

गिऱ्हाइकाच्या तोंडून हा प्रश्न दहा घरांत निघाला, तर गवळ्याला वासराचा वाटा विकण्याची गरज उरणार नाही.